सात दिवसांचं शिबिर आणि उरलेलं वर्ष

सांगली
18 ऑगस्ट

चि. छोटीस,


परवाचा आपला फोन अर्धवट राहिला. ‘आत्या, एन.एस.एस. माझ्या गळ्यात पडलं,’ एवढं म्हणालीस आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून ठेवलास. ते ‘गळ्यात पडलं’ दोन दिवस माझ्या मनातून गेलं नाही. विभागात सगळ्यांत नवी म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेचा चार्ज तुझ्याकडे आणि शिकवायचे तास मात्र एकही कमी नाही, हे मी न विचारता ओळखलं. मलाही ते असंच मिळालं होतं. पण सोळा वर्षं ते काम केलं आणि नोकरीतलं दुसरं काहीच मला इतकं आपलं वाटलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते. माझं पहिलं श्रमसंस्कार शिबिर कृष्णाकाठच्या एका गावात झालं. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याशी बोलून मी ठरवलं की सांडपाण्याचे शोषखड्डे घ्यायचे. पन्नास मुलं, पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्य. सात दिवसांत एकवीस खड्डे झाले. समारोपाला पाहुणे आले, पेपरात फोटो आला. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर चौदा खड्डे बुजलेले. एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, ‘बाई, मोरी तिकडल्या अंगाला हाय, पानी हिकडं येतंय कुठं? आमाला कुनी इचारलंच न्हाई.’

मुलांचा घाम खरा होता गं. हाताला फोड आले होते त्यांच्या. पण गाव मी निवडलं, काम मी ठरवलं, जागासुद्धा मीच दाखवली. त्यांच्या हाती मी टिकाव-फावडं दिलं आणि ठरवायचं काम माझ्याकडे ठेवलं. आणि याला मी अहवालात ‘युवकांचा सहभाग’ असं लिहिलं होतं. तो अहवाल आजही मला आठवतो.

योजना वाईट नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय शिबिर. एवढा वेळ मुलं देतात. प्रश्न त्यांच्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाचा आहे. शंभर मुलांच्या युनिटमागे एक कार्यक्रम अधिकारी, तोही मुळात इतिहासाचा नाहीतर रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आणि त्याच्या गाठीला काही दिवसांचा उद्बोधन वर्ग. रसायनशास्त्र शिकवायला आपण पाच वर्षांचं शिक्षण मागतो. अठरा वर्षांच्या मुलाला समाजात उभं राहायला शिकवायचं तर मात्र उत्साह पुरे, असं आपण धरून चालतो. उत्साह माझ्याकडे भरपूर होता आणि चौदा खड्डे बुजले.

चौथ्या-पाचव्या वर्षी मी एक वेगळं काम दिलं. आपापल्या गावच्या ग्रामसभेला जाऊन यायचं, एवढंच. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणणारी घटनादुरुस्ती 1988 ची. ज्याचं नाव गावच्या मतदारयादीत आहे तो ग्रामसभेचा सदस्य, हे आमच्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. ते सदस्य होते आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं! वर्गातल्या बेचाळीस जणांपैकी एकोणीस जण खरोखर गेले. कुणी सांगितलं, माणसंच जमली नाहीत, सभा तहकूब झाली. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतलं जे कमी ते लागतं. तेवढेही आले नव्हते. कुणी म्हणालं, सगळं देवळासमोर दहा मिनिटांत आटोपलं आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरलं.

एक मुलगी होती, द्वितीय वर्षाची, फारशी न बोलणारी. ती ग्रामसभेआधीच्या महिला सभेला गेली. चार बायका होत्या. हिनं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हटलं. ‘नंतर या’ असं उत्तर मिळालं. ती तीनदा गेली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही एक फोन करा ना.’ मी फोन उचलणारच होते. माझी ओळख होती, काम पाच मिनिटांत झालं असतं. पण झालं असतं ते माझ्या ओळखीनं, आणि पुढच्या वेळी ती पुन्हा माझ्याकडेच आली असती. मग आम्ही दोघी बसून अर्ज लिहिला. लिहिला तिनंच, मी शेजारी बसले. पोच कशी घ्यायची, तारीख का घालायची, उत्तर आलं नाही तर पुढे कुठे जायचं, हे सांगितलं. तिच्या वडिलांना हे रुचलं नव्हतं. त्यांच्याकडे मात्र मी स्वतः गेले. घरात तिला बोलणी बसत असताना ‘तू लढ’ म्हणून लांब उभं राहणं मला पटलं नसतं. कुठे हात आखडायचा आणि कुठे पुढे व्हायचं, हे मला कुठल्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं. चुकत चुकत आलं, आणि त्या चुकांची किंमत मुलांनी मोजली.

इतिवृत्त अखेर वाचलं गेलं. अंगणवाडीच्या नळाचा ठराव त्यात दोनदा मंजूर होता; नळ नव्हता. पुढच्या सभेला सव्वीस बायका आल्या.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर तुला आठवत असेल. तेव्हा मुलांना बोलवावं लागलं नाही. पाणी ओसरायच्या आत दारात उभी होती. कपड्यांचे ढीग निवडले, चिखल उपसला. तीन आठवड्यांनी बाहेरचे मदतीचे टेम्पो थांबले आणि खरं काम तेव्हा उरलं होतं: पंचनाम्यांच्या याद्या. भाड्यानं राहणाऱ्यांची, दुसऱ्याच्या जागेत खोपट टाकलेल्यांची नावं राहून गेली होती. आमच्या अकरा मुलांनी घरोघर जाऊन यादी ताडून पाहिली, राहिलेल्यांचे अर्ज भरून दिले आणि ती चावडीत जाऊन बसली. त्या कामाचा फोटो निघत नाही. मूल्यांकनाच्या फाइलला फोटो लागतो, म्हणून ते काम फाइलमध्ये गेलंच नाही. पण मला विचारशील तर माझ्या सोळा वर्षांतलं सगळ्यांत मोलाचं काम तेच.

आपल्याकडे लगेच म्हणतात, सेवा मनातून यावी, तिचं कसलं शिक्षण आणि कसला पगार? मी राष्ट्र सेवा दलाच्या घरात वाढले, त्यामुळे हे वाक्य मला जवळून ठाऊक आहे. 1941 साली एस. एम. जोशी दलप्रमुख झाले तेव्हापासून शाखा, अभ्यासवर्ग, कलापथक यांतून कार्यकर्ता घडवायची एक रीत तिथे होती. नुसतं मन पुरेल असं तेव्हाही कुणी मानलं नव्हतं. आणि पगाराचं म्हणशील तर पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या त्यागामागे पुष्कळदा घरातल्या बाईची शिक्षिकेची नोकरी असायची. किंमत मोजली जातच होती. ती कुणी मोजली हे आपण लिहून ठेवलं नाही. या कामाचा मोबदला, मग तो तासांत का असेना, मागताना लाजू नकोस, असं मी म्हणते ते त्या बायकांना आठवून.

आणि शिक्षणाचं म्हणशील तर इंग्लंडमध्ये 1960 साली युवासेवेवरचा अल्बेमार्ल समितीचा अहवाल आला आणि पाठोपाठ लेस्टरला युवाकार्यकर्त्यांसाठी एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचं कॉलेज निघालं. आपल्याकडे श्रीपेरुम्बुदूरला 1993 पासून राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्था आहे, तिथे या विषयाचं प्रशिक्षण मिळतं. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्यानं 2006 मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ सुरू केलं. तिथल्या शिबिरांत मुलांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम होतं. पण तुझ्या कॉलेजात, तालुक्याच्या गावी, हे पोहोचलेलं नाही. ते पोहोचेपर्यंत तू तीन गोष्टी मागून घे. आठवड्यातले दोन तास कमी करून घे, तोंडी नको, लेखी. एखादा अनुभवी माणूस मिळव, ज्याला महिन्यातून एकदा भेटून आपलं काय चुकतंय ते बोलता येईल. मला हे कधीच मिळालं नाही आणि त्याची उणीव शेवटपर्यंत जाणवली. आणि शिबिराच्या आधी दोन महिने मुलांना गावात पाठवायची परवानगी घे. घोषणा नकोत, फावडीही नकोत. नुसतं घरोघर बसून ऐकू देत त्यांना. काम काय करायचं ते त्यांनी आणि गावानं मिळून ठरवावं. त्यांचं ठरायला वेळ लागेल, तू घाईनं उत्तर देऊ नकोस. बैठकीत सगळे गप्प झाले की शिक्षकाच्या जिभेवर उत्तर तयारच असतं. ते गिळणं फार जड जातं, मला माहीत आहे.

शिबिराचं गाव ठरलं की कळव. मी दोन दिवस येऊन राहीन. माझी ओळख करून देऊ नकोस आणि भाषणाला उभं करू नकोस. सतरंजीवर मागे बसेन आणि मुलं काय बोलतात ते ऐकेन.

तुझी,
आत्या