सरकत्या भिंती

जुन्या घराची दुरुस्ती काढली की नवराबायकोंत पहिला वाद भिंतींवरून होतो, असा माझा अनुभव आहे. दिवाणखाना आणि सासूबाईंची खोली यांमधली भिंत पाडावी, घर प्रशस्त दिसेल, असे नवऱ्याचे मत. पण दुपारी चार माणसे बसलेली असताना त्यांनी दार लोटून पडायचे कुठे?

त्याच वर्षी युरोपच्या सहलीत उट्रेख्तचे रीटफेल्ट-श्रोडर घर पाहिले. तीन मुले पदरी असलेल्या विधवा त्रुस श्रोडर यांच्यासाठी गेरिट रीटफेल्टने १९२४ मध्ये ते बांधले. वरचा मजला दिवसा एकसंध. रात्री सरकती पार्टिशने ओढली की निजायच्या वेगळ्या खोल्या. पुस्तके त्यातल्या लाल-निळ्या-पिवळ्या रंगांचे कौतुक करतात. मला नवल वाटले ते बाईंचे, १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या त्याचे. (नवरा रूळ न्याहाळत होता.)

आमच्या सुताराने तसेच रूळ बसवले, सागवानी पार्टिशन केले. सासूबाई दुपारी ते ओढून घेतात. पुरते नव्हे, वीतभर फट ठेवून. चहाची हाक ऐकू यावी म्हणून, असे म्हणतात.