पहिली ओळ

“सर, आमचं धानोरा गडचिरोलीत कधी गेलं?”

एका विद्यार्थ्याने हे विचारले तेव्हा मी हसलो होतो. साल २००९ असावे. मुलगा नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याचा. आजीकडून ऐकलेले भिली बोलीतले शब्द त्याने वहीत उतरवून आणले होते, आणि अशा अनेक वह्यांमधून आम्ही एक शब्दसंग्रह संगणकावर उभा करत होतो. त्यामागची पीएचपी स्क्रिप्ट लिहिण्याची हौस मराठीचा मास्तर असून मी स्वतःच भागवून घेतली होती. पडद्यावर आजीचा शब्द होता, अर्थही बरोबर होता. खाली मात्र लिहिले होते : धानोरा, जिल्हा गडचिरोली.

गडचिरोली जिल्ह्यातही धानोरा आहे, तालुक्याचे ठिकाण आहे. या नावाची गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत. नोंद करताना विद्यार्थी गावाचे नाव लिही आणि माझी स्क्रिप्ट गावांच्या तक्त्यात ते नाव शोधून त्याचा क्रमांक शब्दापुढे टाकी. यात काही चुकू शकेल असे मला वाटलेही नव्हते.

डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर मिळते, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात स्क्रिप्टच्या हाती येतो तो ओळींचा एक संच, आणि त्यातली एकेक ओळ मागून घ्यावी लागते. मागितली की पहिली येते, पुन्हा मागितली की दुसरी. संपल्या की संपल्याचे कळते. मी एकदाच मागितली होती. उरलेली धानोरे त्या संचात तशीच बसून राहिली आणि पान पुरे होताच संचासह नाहीशी झाली. चूक झाल्याची सूचना कुठेही उमटली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. शिवाय क्रम ठरवून मागितला नसेल तर कोणती ओळ आधी येईल याची हमी मायएसक्यूएल देत नाही. ज्या ओळीला मी उत्तर समजत होतो, ती केवळ आधी आलेली ओळ होती.

नकाशावरची किरकोळ चूक म्हणून हे सोडून देता आले नसते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात भिली बोली नवव्या खंडात आहेत, गोंडी चौथ्यात. एक आर्य कुळातली, दुसरी द्राविडी. आमच्या संग्रहावर विसंबून एखाद्या अभ्यासकाने गोंडीच्या मुलखात भिली शब्द आढळतो असे लिहिले असते, तर त्या सिद्धान्ताचा जनक मी ठरलो असतो. आणि वर्गात मी हस्तलिखितांच्या पाठभेदांवर बोलत असे! संपादकाने एक पाठ मुकाट्याने स्वीकारून बाकीचे दडवू नयेत, हे मी किती परीक्षांत विचारले असेल.

दुरुस्ती तशी सोपी होती. आधी ओळी मोजायच्या. एकच असेल तर घ्यायची. अधिक असतील तर सगळ्या तालुका-जिल्ह्यासह दाखवून नोंदवणाऱ्यालाच निवडायला सांगायचे. एकही नसेल तर तसे म्हणायचे, पण त्याआधी प्रश्न मुळात नीट विचारला गेला का, हे पाहायचे. त्या काळी प्रश्नच फसला तर पीएचपी निमूटपणे ‘असत्य’ हाती ठेवी, आणि माझ्यासारखा नवशिका त्यालाच रिकामा संच समजे. (२०२१च्या ८.१ आवृत्तीपासून मायएसक्यूएलआय असा प्रश्न फसला की आपण होऊन अपवाद फेकते. आता ते दुर्लक्षिणे तितके सोपे नाही.) एक गुंता तरीही उरला. धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, आणि माझ्या यादीचा काही भाग त्याआधीचा होता. त्यामुळे हेच धानोरा एकदा धुळ्यात आणि एकदा नंदुरबारात, असे दोनदा येई. ओळी दोन, गाव एक. हे मोजून कळणारे नव्हते.

जुन्या नोंदी वह्या काढून तपासल्या. बहुतेकांचा उलगडा झाला. काही सुट्या कागदांवर मात्र नुसते ‘धानोरा’ होते, नाव नाही, तालुका नाही. मी त्या विद्यार्थ्याला बोलावले. त्याने शब्द एकेक करून मोठ्याने वाचले. काहींवर लगेच म्हणाला, “हा आजीचा.” काहींवर थांबला, पुन्हा वाचला, आणि मान हलवली. “आमच्याकडं असं म्हणत नाहीत, सर.”

त्या शब्दांच्या गावाच्या रकान्यात मी ‘नल’ ठेवले. सरकारी तक्त्यातल्या ‘निरंक’हून हे वेगळे : निरंक म्हणजे काही नाही, नल म्हणजे माहीत नाही. पण पीएचपी नल छापते ते कोऱ्या जागेसारखे. वाचणाऱ्याला वाटावे की गाव कुणी विचारलेच नव्हते. म्हणून स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घातली. तेव्हापासून त्या शब्दांखाली छापून येते : गाव धानोरा, कोणते ते ठाऊक नाही.