हिरवा रकाना

पुण्यात मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो. आमच्याकडे एक मोठा तक्ता असतो. डावीकडे मागणी, मधे तिच्यासाठी केलेली रचना, उजवीकडे चाचणी. चाचणी पास झाली की रकाना हिरवा. एकदा मागणी बदलली, चाचणी मात्र जुनीच राहिली. रकाना हिरवाच होता आणि खाली सही माझी. गाडी रस्त्यावर जाण्याआधी एका सहकारी मुलीच्या ते लक्षात आलं, म्हणून निभावलं.

त्या रात्री मला मूर्तिजापूर ते अमरावती हा जुना प्रवास आठवला. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, जीपमध्ये ती आडवी, डोकं माझ्या मांडीवर. खड्डा आला की डोळे घट्ट मिटायची. "हयूहयू घे ना बाप्पा," एवढंच ड्रायव्हरला म्हणायची.

पुढे जून 2022 मध्ये याच रस्त्यावर, लोणी ते माना, एका लेनचं 75 किलोमीटर सलग डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. गिनीज विक्रम! गावाकडचे सगळे खूश, मीही. पण आता सवयीनं उलटं वाचून पाहिलं. ही चाचणी कोणत्या मागणीची? लांबी आणि वेळ ही विक्रमाची मागणी. रस्त्याच्या मागण्या वेगळ्या, चाचण्याही वेगळ्या.

आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. पावसाळ्यात रस्ता खचू नये, म्हणून मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग त्यात दट्ट्या दाबून ताकद मोजतात. त्या आकड्यावर आणि वाहतुकीच्या भारावर थरांची जाडी ठरते. डांबर पडल्यावर नमुना कापून जाडी आणि घनता बघतात. चाकाला किती उसळी बसते, तेही दर किलोमीटरला मिलिमीटरमध्ये मोजतात. म्हणजे आईच्या त्या "हयूहयू"लासुद्धा चाचणी आहे.

आता सही करण्याआधी मी तक्ता उजवीकडून डावीकडे वाचतो. चाचणीवरून रचनेकडे, रचनेवरून मागणीकडे, आणि मागणीवरून ज्यानं ती केली त्या माणसापर्यंत. माणूस सापडला नाही तर सही थांबते.

मागच्या दिवाळीत आईला घेऊन अमरावतीला गेलो. माना गेल्यावर तिनं थर्मास उघडला आणि चालत्या गाडीत कपभर चहा ओतून घेतला.