बीड प्रांताच्या वंशावळी

घरांतील कोणत्याही मुलास आजोबांचें नांव विचारा, तो तत्काळ सांगेल. पणजोबांचें विचारलें तर तो आईकडे पाहूं लागेल. आणि त्यापलीकडील पिढीविषयीं विचारलें कीं वडील माणसेंहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. यांत नवल नाहीं. आपल्या धर्मकृत्यांनीं स्मरणाची मर्यादाच तीन पिढ्यांची घातली आहे. श्राद्धांत पिता, पितामह व प्रपितामह यांचा उच्चार होतो. विवाहांतहि वधूवरांच्या बापाचें, आजाचें व पणज्याचें नांव गोत्रप्रवरांसह घेतलें जातें. त्यापुढें मुखपाठ संपतो आणि कागदाचें राज्य सुरू होतें. हा कागद कोणीं, कशासाठीं व कोणाविषयीं लिहिला, याचा विचार आमच्या बीड जिल्ह्यापुरता येथें करावयाचा आहे.

पहिला लेखक म्हणजे वतन. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, जोशी यांच्या वतनाबद्दल भाऊबंदांत तंटा उपस्थित झाला कीं गोतसभा भरे, महजर होई, आणि पुराव्यादाखल वंशावळ लिहून द्यावी लागे. मूळपुरुष कोण, थोरली शाखा कोणती, दत्तक कोठून आला, निर्वंश कोण झाला, हें सारें त्यांत येई. मायेनें जें जपलें नाहीं तें भाऊबंदकीनें जपलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मात्र ज्यांना वतन नव्हतें त्यांच्याविषयीं हे कागद मुके आहेत.

दुसरा लेखक तीर्थोपाध्याय. त्र्यंबकेश्वर, नाशिक व पैठण येथील उपाध्यायांच्या वह्यांत आडनांव व मूळगांव यांच्या अनुक्रमानें यात्रेकरूंच्या नोंदी सांपडतात. आमचें घराणें बिनवतनी. घरीं जुना कागद म्हणून एकहि नव्हता. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही त्र्यंबकेश्वरीं गेलों असतां उपाध्यायांनीं गांव विचारून वही काढली. आमच्या पणजोबांच्या हातची मोडी नोंद पुढें आली. वडिलांचें नांव, आजांचें नांव, तिघे भाऊ, चौघे मुलगे, दोघे पुतणे, सारे ओळीनें होते. शेवटीं लिहिलें होतें, "समागमें मातोश्री." एवढेंच. जी वृद्धा बीड प्रांताहून बैलगाडीनें गोदावरीच्या उगमापर्यंत आली, तिचें नांव लिहिण्याचें लेखकाच्या मनांत आलें नाहीं. चार मुलग्यांना बहिणी होत्या कीं नव्हत्या, हेंहि कळावयास मार्ग नाहीं. नोंद पाहून आम्हांस आनंद झाला. परंतु परत येतांना मनांत घोळत राहिली ती ती निनांवी मातोश्रीच.

कागद मिळाला तरी तो वाचणें सोपें नाहीं. लिपि मोडी, सरकारी दप्तर पूर्वीं फारशी व पुढें उर्दू, आणि कालगणना तर चार प्रकारची. उदाहरणार्थ, गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवनाची लढाई घ्या. तेथें ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं निजामाच्या फौजेचा मोड केला व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. हेंच वर्ष पंचांगांत शके १६८५, सुभानु संवत्सर. पेशवाई कागदांत सुहूर सन "अर्बा सितैन मया व अलफ," म्हणजे ११६४. आणि फारशी कागदांत हिजरी ११७७. निजामी अमलांतील पुढच्या कागदांवर फसली सन असतो. त्यांत ५९० मिळविले कीं इसवी सन सुमारें जुळतो. हा अंमल सप्टेंबर १९४८ मध्यें संपला. शाळांतून मोडीहि त्याच सुमारास उठली. तेव्हां ज्यांनीं ती लिपि बालपणीं गिरविली ती पिढी आतां जवळजवळ सरलीच आहे.

कोणी म्हणेल, मेलेल्यांचीं नांवें शोधून जिवंतांस काय लाभ? त्याचें उत्तर काळानेंच दिलें. मराठवाड्यांतील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि कचेऱ्यांतून धूळ खात पडलेलीं मोडी व उर्दू दप्तरें बाहेर निघालीं. त्या प्रश्नाच्या गुणदोषांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु ज्या घरांत वतन नव्हतें व वहीहि नव्हती, त्या घरांतील मुलाचें पुढील शिक्षण एखाद्या जन्ममृत्यूच्या नोंदीवर किंवा शाळेच्या दाखलखारीज पुस्तकांतील एका ओळीवर अवलंबून राहिलें. शिवाय नोंद सांपडून भागत नाहीं. तींतील मनुष्य आपलाच पूर्वज, हें वंशावळीनें दाखवावें लागतें. दाखलखारीज पुस्तकांत आम्हीं आयुष्यभर नांवें लिहिलीं. तें कंटाळवाणें काम वाटे; त्या ओळीचें मोल किती, हें आतां सर्वांस दिसलें.

म्हणून वाचकांस, विशेषतः एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस, आमचें सांगणें आहे. माळ्यावरचें बासन गोदावरींत सोडूं नका कीं रद्दींत घालूं नका. मोडी जाणणारा गांठून तें एकदां वाचवून घ्या. वंशवृक्ष काढाल तेव्हां त्यांत लेकी घाला, त्यांचीं सासरचीं नांवें घाला; सुनांचीं माहेरचीं नांवें, माहेरचें गांव व गोत्र घाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचें नांव लिहिण्याचा नियम महाराष्ट्रांत झाला आहे. सरकारास जें सुचलें तें आपल्या घरच्या वहीस कां सुचूं नये? घरांत जी सर्वांत वृद्ध स्त्री असेल तिच्यापाशीं आजच संध्याकाळीं वही घेऊन बसा, आणि तिच्या आजीचें नांव प्रथम विचारा. तें सांगणारें दुसरें कोणी आतां उरलेलें नसेल.