कपाटातली जोडी

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांची मराठी परीक्षेपुरती. पेपर झाला की पुस्तक बंद. पुढे मात्र तलाठ्याकडच्या अर्जापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळा कारभार मराठीत, आणि तिथे आमचा हुशार मुलगाही गप्प उभा राहतो. म्हणून 'मुलांना काय वाचायला द्यावं?' असं कुणी विचारलं की मी दोन लेखक जोडीनेच सांगते: पतरस बुखारी आणि पु. ल. देशपांडे.

पतरस १८९८ साली पेशावरला जन्मले. लाहोरला शिकवीत, मग रेडिओत गेले. पु. लं.नीही मुलांना शिकवलं, रेडिओतही काम केलं. पतरस यांचा 'कुत्ते' हा मजमून वर्गात मोठ्याने वाचावा. भर रात्री रस्त्यावर मुशायरा रंगवणारी कुत्री भेटली की शेवटच्या बाकावरची मुलंही पोट धरून हसतात. त्याच आठवड्यात पु. लं.चं 'पाळीव प्राणी' काढावं. हसू ओळखीचं निघालं की जोडाक्षरांचं भय उरत नाही. व्याकरण नंतर बघू!

इब्ने इन्शांची 'उर्दू की आखिरी किताब' मात्र मुलांआधी आपण मास्तरांनी वाचावी. पाठ्यपुस्तकाचं सोंग घेऊन त्यांनी पाठ्यपुस्तकांचीच अशी फिरकी घेतली आहे, की आपलेच धडे आपल्याला नव्याने दिसू लागतात.

सध्या आमच्या कपाटात 'हसवणूक'ची एकच प्रत आहे, आणि आठवीतल्या दोघी तिच्यासाठी भांडताहेत. मी मध्ये पडत नाही.