चाकांवरचे बिऱ्हाड

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात ते मोटारीमागे जोडून ओढायचे बिऱ्हाडच! आत पलंग, ओटा, न्हाणीघर, फ्रीज, सारे काही. या घराला वीज मात्र दोन तऱ्हेची लागते. मुक्कामाच्या जागी खांब असेल तर 120 व्होल्टची वीज घ्यायची. तिच्यावर एअरकंडिशनर चालतो. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालतात 12 व्होल्टवर, म्हणजे खांब नसेल तेथे सारी भिस्त बॅटरीवर.

2023 च्या ऑक्टोबरात पुतण्याच्या ट्रेलरमधून आम्ही अ‍ॅरिझोनात ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर उतरलो. मैलभर खोल ती दरी संध्याकाळी तांबडी, मग जांभळी होत गेली. आमच्या तळावर विजेचा खांब नव्हता. उंची सुमारे 7000 फूट, महाबळेश्वरच्या दीडपटीहून अधिक! थंडी कसली म्हणता!

रात्री दोनला हीटरचा पंखा मंदावला नि बंद पडला. गॅस भरपूर होता, पण वारा पुरेसा नसला की हा हीटर पेटतच नाही. सहा महिन्यांची नात रडू लागली. सौ.ने तिला शालीत घेतले आणि पुतण्या मीटर घेऊन उठला.

फ्यूज शाबूत. बॅटरीवर 12.4 व्होल्ट, म्हणजे ती अर्ध्याहून बरीच अधिक भरलेली. हीटरपाशीही तेवढेच, पण पंखा सुरू करताच तेथे जेमतेम 9!

“काका, वाटेत कुणीतरी व्होल्ट खातंय,” तो म्हणाला.

आपल्या चाळीतल्या नळासारखेच हे. तोटी बंद असताना सारे ठीक, सोडली की करंगळीएवढी धार. त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला लावली. पंखा चालू असता तेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, दिसले 3. चोर सापडला! बॅटरीची तार सांगाड्याला बोल्टने आवळली होती, तेथे गंज चढला होता. एखाद्या दुकानदाराने नवी बॅटरी गळ्यात मारली असती आणि थंडी होती तशीच राहिली असती.

बॅटरीची तार आधी सोडवून त्याने बोल्ट काढला, पॉलिशपेपरने लोखंड चकचकीत घासले व पुन्हा घट्ट आवळले. बॅटरी धरायचे काम माझ्याकडे होते. विजेची बॅटरी नव्हे, हातातली! पंखा घुर्र करून फिरू लागला, पाठोपाठ हीटर पेटला. नात झोपली.

आम्ही दोघांनी मात्र चहा टाकला. उजाडताना बाहेर पाहतो तो एल्क जातीची दांडगी हरणे खुशाल चरत होती.