विस्तवाची राखण

मोटरहोमची प्रोपेनची टाकी चासीला बोल्टांनी कायमची जखडलेली असते. घरच्या सिलिंडरसारखी ती काढून नेता येत नाही. गॅस संपत आला, की अख्खं घर स्टार्ट करायचं, गॅस मिळतो तिथवर चालवत न्यायचं आणि टाकी भरून आणायची. इंजिन धड असतं तोवर ही गोष्ट लक्षातही येत नाही. आमच्या इंजिनाचा वॉटर पंप गेला तो न्यू मेक्सिकोतल्या सांता रोझा गावाजवळ, ऐन जानेवारीत. कूलंट गळालं, तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला आणि ह्यांनी गाडी महामार्गाच्या कडेला घेतली. टो ट्रकने आम्हाला गावातल्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा घरगाड्यांच्या तळावर, आणून सोडलं. टाकीत गॅस निम्म्याहूनही कमी होता.

निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात आम्ही मिशिगनचा बर्फ मागे टाकून ॲरिझोनाकडे निघतो. क्वार्टझसाइटच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर आमच्यासारख्यांची हजारो वाहनं मार्चपर्यंत मुक्काम ठोकून असतात. यंदा मुक्काम वाटेतच पडला. या गाड्यांचं एक त्रांगडं आहे. खालचं इंजिन एका कंपनीचं, वरचं घर दुसरीचं. घराची दुरुस्ती करणारे इंजिनाला हात लावत नाहीत आणि इंजिनवाल्यांच्या शेडच्या दारातून आमची उंची जात नाही. शेवटी गावातला एक मेकॅनिक पार्कमध्येच येऊन काम करायला तयार झाला. अल्बुकर्कीहून मागवलेला पहिला पंप भलत्याच मॉडेलचा निघाला. दुसरा निघाला आणि हिमवादळाने महामार्ग बंद झाला.

सांता रोझा समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर उंचीवर आहे. रात्री पारा शून्याच्या खाली आठ-दहा अंश उतरत होता. आरव्हीच्या भिंती पातळ. आत विजेचा हीटर होता, पण 30 अँपिअरच्या जोडणीवर हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तरी मला धाकधूक वाटायची. आणि हीटर फक्त आम्हाला ऊब देतो. पाण्याच्या टाक्या आणि नळ्या असतात गाडीच्या फरशीखालच्या पोकळीत. तिथे गरम हवा पोचवते ती फर्नेस, आणि फर्नेसला लागतं प्रोपेन. ती रात्रभर चालू ठेवावी तर गॅस संपणार, बंद ठेवावी तर नळ्या गोठून फुटणार. म्हणून ठरवलं, की हीटर आपल्यासाठी आणि फर्नेस अधूनमधून थोडा वेळ नळ्यांसाठी. म्हणजे कोणीतरी जागं राहायला हवं. दोन वाजेपर्यंत हे जागणार, पुढे मी. पहाटेची पाळी मीच मागून घेतली.

पहाटेचं जागणं मला माहेरून आलेलं आहे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. महाराष्ट्रात थंडीचा कडाका पडला, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, तो आमच्या शिवाराचाच. पारा चार-पाच अंशांवर आला, की शहरातली माणसं मफलर काढतात. द्राक्षवाल्याच्या पोटात मात्र गोळा येतो. मण्यांत पाणी उतरायचे ते दिवस असतात. अशात पहाटे फार गारठलं, की मणी तडकतात आणि वर्षभराची मेहनत घडावरच वाया जाते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अशा रात्री अण्णा घरात नसतच. बागेच्या कडेला पाचट, काटक्या, ओलसर पालापाचोळा रचून शेकोट्या पेटवायचे. ज्वाळा उठू द्यायच्या नाहीत, नुसता धूर धुमसत ठेवायचा, म्हणजे तो वेलींवर पांघरूण घातल्यासारखा पसरतो. आणि पहाटे विहिरीवरचं इंजिन सुरू करून बागेला पाणी सोडायचे. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. मी चहाची किटली घेऊन बांधावरून जायची, तेव्हा पाटातल्या पाण्यावरून वाफ निघताना दिसायची. अण्णांचे डोळे धुराने लाल झालेले असायचे. "पाय पाण्यात घाल," म्हणायचे, "ऊब लागेल." खरंच लागायची.

घरातही विस्तव सांभाळायचं काम कोणाकडे तरी असे. बंब पेटवायची आई. राख झटकायची, गोवरीचे तुकडे आणि ढलप्या वरून सोडायच्या, आणि तांब्याचं अंग तापून पाणी घुमायला लागलं, की आम्हाला हाका. रात्रीची शेगडी मात्र आजीच्या ताब्यात. शेगडीभोवती हात शेकत गप्पा चालायच्या, पण झोपायच्या आधी आजी ती स्वतः उचलून ओसरीवर ठेवायची. कितीही काकडलो तरी कोंडलेल्या खोलीत निखारे ठेवून ती निजू देत नसे. आता आमच्या आरव्हीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र पलंगाशेजारी बसवलेलं आहे आणि ऊब मिळवण्यासाठी गॅसची शेगडी पेटवू नका, अशी सूचना ओट्यावर चिकटवलेली आहे. आजीला लिहिता येत नव्हतं. ही सूचना तिने मला माझ्या सहाव्या-सातव्या वर्षी पाठ करून दिली होती.

लग्न होऊन मिशिगनला आले आणि हे सगळं संपलं. तिथे थंडी निफाडच्या कितीतरी पट, पण भिंतीवर एक छोटी चकती होती. ती फिरवली, की तळघरात काहीतरी गुरगुरायचं आणि जमिनीतल्या जाळीतून गरम हवा यायची. मुलं वाढली, शिकली, बाहेर पडली. त्यांच्यासाठी विस्तव राखत मी एक रात्रही जागले नाही. त्याची खंत मी करत नाही, पहाटे चारला धुरात उभं राहण्यात काही थोरवी नाही. पण एवढं खरं, की ऊब म्हणजे कोणाचं तरी जागरण असतं, ही जाणीव त्या घरात माझ्यातून निघून गेली होती. सांता रोझात ती परत आली, आणि मला ती हवीशी वाटली.

मध्यरात्रीनंतर फर्नेस लावायची, तर आधी नुसता पंखा फिरतो. हवेचा जोर पुरेसा झाला, की आतली एक पातळ पट्टी ढकलली जाते, मगच गॅस सुटतो. मग ठिणगीची टकटक, आणि भप्पकन ज्योत. बॅटरी कमजोर असेल तर पंखा मंद फिरतो, पट्टी ढकलली जात नाही, ज्योत येतच नाही. म्हणून त्या टकटकीकडे मी श्वास रोखून कान लावायची. एकदा पेटली, की सिंकखालचं कपाट उघडं ठेवायचं, म्हणजे गरम हवा नळ्यांपर्यंत जाते. नळाची बारीक धार सोडलेली असायची, कारण वाहतं पाणी सहसा गोठत नाही. खिडक्यांच्या काचांवर आमच्याच श्वासाचं पाणी साचून ओघळायचं, ते फडक्याने टिपायचं. पहाटेपर्यंत फडकं पिळण्याइतकं ओलं व्हायचं.

पार्कमध्ये चार जागा सोडून ट्रेलरमध्ये राहणाऱ्या एका म्हाताऱ्या ट्रकचालकाला आमची अडचण कळली. एका संध्याकाळी तो आपला सुटा सिलिंडर, टी आकाराचा जोड आणि नळी घेऊन आला. थंडीत गाडीखाली आडवा झाला आणि आमच्या पक्क्या टाकीच्या तोंडाशी तो सिलिंडर जोडून दिला. साबणाचं पाणी लावून गळती तपासली, दोनदा. पैसे घेईना. उपम्याची वाटी मात्र घेतली आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत करायला आला तेव्हा आणखी आहे का, असं विचारलं. ही माझी सगळ्यात चांगली कमाई.

निफाडहून धाकट्या भावाचा फोन यायचा. "ताई, एवढ्या थंडीत सिलिंडरमधला गॅस गोठत नाही का गं?" त्याचा प्रश्न रास्त होता. आपल्या घरगुती गॅसमध्ये ब्यूटेन असतं आणि ते शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायू होत राहतं, म्हणून इथे तेच वापरतात. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग बरंय. दाजींना झोपू दे जरा."

दिवसा करण्यासारखं फारसं काही नसायचं, म्हणून आम्ही चालत ब्लू होलला जायचो. गावातच आहे. वर साधारण 60 फूट रुंदीचं, 81 फूट खोल कुंड, तळापर्यंत निळंशार. जमिनीतून मिनिटाला सुमारे 3000 गॅलन, म्हणजे 11 हजार लिटरच्या वर पाणी त्यात येतं आणि बारा महिने त्याचं तापमान सोळा-सतरा अंशच राहतं. म्हणून भर हिवाळ्यातही पाणबुडे इथे सराव करायला येतात. सकाळी त्या पाण्यावरून वाफ उठत होती. काठावर बर्फ, आणि पाणी कोमट. मी हातमोजा काढून मनगटापर्यंत हात बुडवला आणि ह्यांनाही बुडवायला लावला. ह्यांना पाट, विहीर, इंजिन सगळं सांगत बसले. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी सांगितलं कसं नाही, असं ते म्हणाले.

पंप आला तो दुपारी. मेकॅनिकने इंजिनाचा पंखा उतरवला, पट्टा सोडवला, जुना पंप काढून हातात दिला. त्याचा दांडा बोटांनीसुद्धा हलत होता. नवा बसवून, कूलंट भरून इंजिन चालू केलं, तेव्हा साडेतीन वाजले होते. म्हणजे निफाडला पहाटेचे चार. फोन वाजला. मागे मोटरीचा आवाज येत होता. शेतीची वीज या आठवड्यात रात्रीची होती आणि पारा पाचवर आला होता.

"बसला का गं पंप?"

"बसला. काटा मधोमध आहे. तुझ्याकडे काय?"

"आत्ताच पाणी सोडलं. पोरगा शेकोट्यांकडे गेलाय. दोन ओळींत मणी तडकलेत, बाकी बाग शाबूत आहे. बरं, ठेव आता, धूर खाली बसायला लागलाय. पोराला ओलं पाचट नेऊन द्यायचंय."